दौलत आणि खासगी : शासकीय ओळखक्रमांकांविषयी काही विचार



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी शाळेने मला पाचारण केले, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्याची सवय लावली. त्या सवयीला स्मरूनच मी आजचा विषय निवडला आहे. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने संतवाङ्मय किंवा नाट्यवाङ्मय सोडून संगणकावरील ओळखक्रमांकांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु हा विषय वरकरणी यंत्राचा असला, तरी त्याच्या मुळाशी 'ओळख', 'संमती' आणि 'खासगी' हे तीन शब्द आहेत, आणि शब्दांचा अर्थ तपासणे हा तर माझा व्यवसायच होता.

आपल्या भाषेत 'ओळख असणे' आणि 'ओळख पटविणे' हे दोन वेगळे प्रयोग आहेत. ओळख दोन माणसांमध्ये असते. तिला कागद लागत नाही. ओळख पटवावी लागते ती मात्र अशा परक्यापुढे, ज्याच्या हाती आपले काही काम अडलेले असते. गावगाड्यात पहिला प्रकार पुरेसा होता. मोडी कागदपत्रांच्या अखेरीस लिहिता न येणारा पाटील वा कुणबी नांगराची निशाणी करीत असे. ती निशाणी पाहून हा कोण, हे कळत नसे; ते कळे साक्षीदारांच्या नावांवरून. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने प्रकट झालेल्या तोतयाचे प्रकरण पुणे दरबाराला अनेक वर्षे छळत राहिले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाल्यावरच ते संपले. त्या प्रकरणातही निर्णयाचा आधार होता, तो भाऊसाहेबांना जवळून पाहिलेल्या माणसांच्या साक्षींचा. माणसाची ओळख तेव्हा माणसांजवळच ठेवलेली होती.

शरीराचा ठसा घेऊन ती ओळख दप्तरात नेण्याची पद्धत पुढे याच देशात आकाराला आली, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की पुढे त्याने करार नाकारू नये. काही वर्षांनी हुगळी येथे असताना हर्शेलने निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. कारण मृत माणसाच्या नावाने दुसराच कोणी वेतन उचलण्याचे प्रकार होत असत. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे नोंदविण्याचे कार्यालय निघाले. ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी केले. नाव मात्र झाले एडवर्ड हेन्री या वरिष्ठाचे.

ठसा सुरुवातीला फसवणूक टाळण्यासाठी आला. त्यात वावगे काही नव्हते. परंतु नोंद ठेवण्याचे साधन हाती आले, की ते कोणावर चालवायचे हे साधन ठरवीत नाही, सत्ता ठरविते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार मानून त्यांची नोंदणी आणि हजेरी सक्तीची केली होती. पारध्यांसारख्या जमातींनी महाराष्ट्रात आणि आपल्या माळव्याच्या आसपासही त्या नोंदवहीचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. नोंदीने लावलेला कलंक अद्याप पुरता पुसलेला नाही.

याच काळातील दुसरा प्रसंग दक्षिण आफ्रिकेतील आहे. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने तेथील आशियाई रहिवाशांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती करणारा वटहुकूम काढला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध प्रतिज्ञा घेण्यात आली आणि सत्याग्रहाचा उगम झाला. यातला एक तपशील फार बोलका आहे. १९०८ च्या प्रारंभी तडजोड झाली. नोंदणी स्वेच्छेने होईल आणि सक्तीचा कायदा मागे घेतला जाईल, अशी गांधीजींची समजूत होती. तेव्हा ते स्वतः ठसे द्यायला निघाले आणि त्यापायी स्वकीयांच्या हातचा मारही त्यांनी खाल्ला. कायदा मागे घेतला जात नाही, हे दिसल्यावर मात्र १६ ऑगस्ट १९०८ रोजी तीच स्वेच्छेची प्रमाणपत्रे जाहीरपणे जाळण्यात आली. गांधीजींचा आक्षेप केवळ शाईत बुडविलेल्या बोटाला नव्हता. तो होता सक्तीला आणि त्या सक्तीमागच्या अविश्वासाला. आजच्या चर्चेत ठसा घेणे बरे की वाईट, असाच प्रश्न वारंवार मांडला जातो. संमती खरी आहे की नावापुरती, हा त्याहून मूलभूत प्रश्न आहे.

नोंद सद्हेतूने ठेवली म्हणजे ती निरुपद्रवी ठरते, असे मानणाऱ्यांसाठी हॉलंडचा इतिहास पुरेसा आहे. तेथील लोकसंख्येची नोंदवही दुसऱ्या महायुद्धापूर्वी अत्यंत काटेकोर होती आणि तीत धर्माचाही रकाना होता. १९४० मध्ये जर्मनांनी देश व्यापला आणि ती नोंदवही आयतीच त्यांच्या हाती पडली. हॉलंडमधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,००० हून अधिक मारले गेले. या संहारास अनेक कारणे होती. परंतु ज्यूंना हुडकून काढण्याचे काम त्या नोंदींनी सोपे केले, यात शंका नाही. २७ मार्च १९४३ रोजी काही कलावंत आणि विद्यार्थ्यांनी ॲमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय स्फोटाने उडविण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. कारकुनाने जो रकाना सहज भरला होता, तो पुसण्यासाठी पुढच्यांना प्राण द्यावे लागले.

आता आपल्या काळाकडे येऊ. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ मध्ये झाली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी एका आदिवासी महिलेला देण्यात आला. त्यानंतर १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. बारा आकड्यांच्या या क्रमांकात स्वतःत काहीच माहिती नसते. जात, प्रांत, वय यांपैकी कशाचाही त्यातून बोध होत नाही, आणि ही रचना जाणूनबुजून केलेली आहे. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र ही सामग्री एका केंद्रीय भांडारात राहते. रेशन दुकानदार आपले बोट यंत्रावर ठेवतो, तेव्हा तो ठसा आणि क्रमांक त्या भांडाराकडे जातात आणि तेथून 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येते. मागणी केल्यास दुसऱ्या एका पद्धतीने नाव, पत्ता आणि छायाचित्रही पाठविले जाते. हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हे कायद्यातच नमूद आहे.

या योजनेचे गुण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या मजुराजवळ जन्मदाखला नव्हता, घराचा उतारा नव्हता, त्याला प्रथमच असा कागद मिळाला, जो दुसऱ्या प्रांतातही मान्य होतो. इंदूरच्या कारखान्यात आलेल्या खानदेशी मजुराला बँकेत खाते उघडता आले, ही सामान्य गोष्ट नव्हे. मधल्या माणसाने अनुदान गिळण्याचे काही मार्गही बंद झाले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून-जुलैची पहिली तारीख जन्मतारीख म्हणून टाकून दिली, अशी माणसे या सभागृहातही असतील. ज्यांची जन्मतारीखदेखील दुसऱ्याने ठरविली, त्यांना स्वतःच्या नावाचा भक्कम कागद हवासा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

परंतु 'नाही' हे उत्तर कोणाच्या वाट्याला येते, याचाही विचार केला पाहिजे. दगड फोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, विड्या वळणाऱ्या माणसांच्या बोटांवरील रेषा झिजतात. वृद्धांच्या तर झिजतातच. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी मी एका बँकेत गेलो असता यंत्राने माझी दहाही बोटे एकामागून एक नाकारली. समोरचा तरुण कारकून मला नावाने ओळखत होता. त्याची बहीण माझी विद्यार्थिनी होती. 'सर, आपण आहात हे मला दिसते आहे, पण मशीन घेत नाही,' असे तो ओशाळून म्हणाला. शेवटी बुबुळाच्या यंत्रावर काम झाले. हर्शेलने निवृत्तिवेतनासाठी ठसे घेतल्याला दीडशे वर्षे होत आली. तेव्हाचा प्रश्न मेलेल्याच्या नावावर वेतन जाऊ नये हा होता, आणि आज जिवंत माणसाला आपण जिवंत आहोत हे पटवून द्यावे लागते. माझ्याजवळ सवड होती, रिक्षाचे भाडे होते आणि शब्द होते. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, तो रिकामी पिशवी घेऊन घरी परततो.

२०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी न जोडल्यामुळे शिधापत्रिका रद्द झाली, धान्य मिळाले नाही आणि मुलगी भुकेने गेली, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते; मृत्यू हिवतापाने झाला, असे प्रशासनाने सांगितले. मृत्यूच्या कारणाविषयी मतभेद राहिला. त्या घराची शिधापत्रिका रद्द झाली होती, ही गोष्ट मात्र राहतेच. ठसा न जुळल्यास पर्यायी मार्गाने लाभ द्यावा, अशा सूचना आहेत. पण खिडकीपलीकडच्या माणसाला त्या माहीत नसतील किंवा त्यांचा त्याला कंटाळा असेल, तर त्या कागदावरच राहतात.

येथवर वगळले जाण्याविषयी बोललो. दुसरी चिंता अधिक सूक्ष्म आहे, ती पाहिले जाण्याची. एक क्रमांक एकाच कामासाठी वापरला, तर तो किल्ली आहे. तोच क्रमांक बँक, दवाखाना, शाळा, रेशन, प्रवास आणि दूरध्वनी या सर्वांना जोडला, की आयुष्याचे विखुरलेले तुकडे एका दोऱ्यात ओवले जातात. आपल्या मध्य प्रदेशात 'समग्र आयडी' प्रत्येक घरी पोहोचला आहे. कुटुंबाला आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याला नऊ आकडी क्रमांक असतो. शिष्यवृत्तीपासून लाडली बहना योजनेपर्यंत तो मागितला जातो. विद्यार्थ्यांसाठी आता 'अपार' हा बारा आकडी क्रमांकही आला आहे. यातील प्रत्येक यादी वेगळी पाहिली तर उपयुक्तच वाटते. त्या एकमेकींना जोडल्या गेल्या, की कोणी कोठे शिकले, काय आजार झाला, कोणते अनुदान घेतले, याचे एकत्र चित्र उभे राहू शकते. आणि ते चित्र पाहणारा कोण, हे ज्याचे चित्र आहे त्याला कळत नाही.

या ठिकाणी मला इंदूरचा एक जुना शब्द आठवतो. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन वेगळे हिशेब असत. दौलत म्हणजे राज्याचे उत्पन्न. खासगी म्हणजे राणीकडील स्वतंत्र जहागिरीचे उत्पन्न. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंकडून ती परंपरा अहिल्याबाईंकडे आली. देशभरातील घाट, धर्मशाळा आणि मंदिरे यांसाठी अहिल्याबाईंनी खासगीतून खर्च केला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सत्ता आणि व्यक्ती यांच्यामध्ये एक रेघ असते, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती. फरक इतकाच, की तेव्हा खासगी असण्याचा मान राजघराण्यालाच होता. रयतेची खासगी असते, असे कोणी मानीत नसे.

रयतेच्या खासगीला न्यायालयात मान्यता मिळायलाही स्वातंत्र्यानंतर बराच काळ जावा लागला. १९५४ आणि १९६२ मधील दोन निकालांत सर्वोच्च न्यायालयाने असा मूलभूत अधिकार मानला नव्हता. १९७५ मध्ये 'गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या खटल्यात, म्हणजे आपल्याच प्रांतातील पोलिसी पाळतीच्या प्रकरणात, न्यायालयाने खासगीपणाची कल्पना सावधपणे स्वीकारली. पाळतीचे नियम मात्र रद्द केले नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. तीतून उद्भवलेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. त्यात हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू उचित हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणातच हवा. जुन्या भाषेत सांगायचे तर त्या दिवशी प्रत्येक रयतेला तिची खासगी मिळाली.

पुढील वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा बव्हंशी वैध ठरविला. अनुदाने आणि प्राप्तिकर यांसाठी आधार मान्य झाले; बँक खाते आणि दूरध्वनी यांची सक्ती रद्द झाली. शाळाप्रवेशासाठी आधार अनिवार्य नाही आणि मुलांना सज्ञान झाल्यावर बाहेर पडण्याचा पर्याय हवा, असेही न्यायालयाने म्हटले. हा कायदा धनविधेयक म्हणून संमत करणे हीच घटनेशी केलेली फसवणूक आहे, असे भिन्नमत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी नोंदविले. २०१९ च्या दुरुस्तीने बँक आणि दूरध्वनी यांसाठी आधारचा 'स्वेच्छेने' वापर पुन्हा आला. प्रत्यक्ष खिडकीवर या शब्दाचे काय होते, ते आपण जाणताच.

२०२३ मध्ये व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती घेताना संमती घ्यावी, हेतू सांगावा, गरज संपल्यावर ती नष्ट करावी, ही तत्त्वे त्यात आहेत आणि ती स्वागतार्ह आहेत. परंतु शासनाला आपल्याच संस्थांना अनेक कारणांखाली या कायद्यातून सूट देता येते. याच कायद्याने माहितीच्या अधिकारातही बदल केला आणि व्यक्तिगत माहिती नाकारण्याची मोकळीक वाढविली. नागरिक शासनाला अधिकाधिक दिसावा आणि शासन नागरिकाला कमी दिसावे, असा हा कल आहे. दौलत आणि खासगी यांमधील रेघ येथे उलट बाजूने ओढली जात आहे.

असे व्हायलाच हवे, असे मात्र नाही. एस्टोनिया या सुमारे १३ लाख लोकवस्तीच्या देशात २००२ पासून संगणकीय ओळखपत्र आहे. तेथे शासनाच्या नोंदींत आपली माहिती कोणी पाहिली, हे नागरिकाला स्वतः पाहता येते आणि विनाकारण पाहणाऱ्याला जाब विचारता येतो. २०१७ मध्ये तेथील सुमारे साडेसात लाख पत्रांत सुरक्षेचा दोष आढळला, तेव्हा शासनाने तो जाहीर केला आणि त्या पत्रांचा संगणकीय वापर दुरुस्तीपर्यंत स्थगित केला. दोष कोणत्याही यंत्रणेत निघतो. तो उघडपणे मान्य केला तर विश्वास टिकतो. ब्रिटनने २००६ मध्ये ओळखपत्राचा कायदा केला आणि २०१० मध्ये तो रद्द करून त्याखालील नोंदी नष्ट केल्या. एकदा सुरू झालेली नोंदवही बंद करता येते, एवढे तरी त्यातून दिसते.

आपल्या हाती काय आहे, हे सांगून विषय आवरता घेतो. आधारच्या छायाप्रती सढळ हाताने वाटू नयेत. पहिले आठ आकडे झाकलेली प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनच मिळते आणि ती बहुतेक ठिकाणी पुरते. मूळ क्रमांकाऐवजी वापरता येणारा सोळा आकडी आभासी क्रमांक २०१८ पासून उपलब्ध आहे. ठसे आणि बुबुळ यांना कुलूप घालण्याची सोय आहे, आणि आपली ओळख कधी आणि कोणामार्फत पडताळली गेली, त्याचा अलीकडचा तपशीलही पाहता येतो. माजी विद्यार्थ्यांनी या गोष्टी स्वतः शिकून घ्याव्यात आणि घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसून शिकवाव्यात.

शाळेलाही माझी एक विनंती आहे. आपली शाळा पिढ्यान्‌पिढ्या मुलांची नावे नोंदवून घेत आली आहे. दाखल-खारिजच्या रजिस्टरात नाव, जन्मतारीख, वडिलांचे नाव एवढे असे, आणि तेवढ्यावर शाळा चाले. आता पालकांपुढे संमतिपत्र येते आणि ते न वाचता सही होते. ते पत्र मराठीत किंवा हिंदीत त्यांना वाचून दाखवावे. 'नाही' म्हटले तर मुलाचे काही बिघडणार नाही, हेही सांगावे. आणि घेतलेले कागद कपाटात किती काळ ठेवायचे, याचा नियम शाळेने स्वतः करावा. नकाराची सोय जेथे नाही, तेथील होकाराला संमती म्हणता येत नाही. आपल्या व्याकरणात आज्ञार्थ आणि विध्यर्थ हे वेगळे आहेत, हे मी वर्गात अनेक वर्षे शिकविले. 'आधार द्यावा' आणि 'आधार दे' यांतील अंतर शाळेच्या खिडकीवर जपले गेले, तर येथून बाहेर पडणारे मूल ते अंतर पुढे शासनाकडेही मागेल.